हुमणीचा मण झाला तेव्हा

मामाचं कृषी सेवा केंद्र आहे कागल रोडला, आणि दुकानाच्या व्हॉट्सॲपवर सकाळी सहापासून मेसेज सुरू होतात. ऊस पिवळा पडलाय काय मारू, दहा सव्वीस सव्वीस खत आलं काय, पोत्याचा दर किती, खोडव्याला पहिला डोस कधी द्यायचा, असं दिवसभर चालूच. मामा म्हणाला, अगं तू ते कंप्युटरचं करतीस न्हवं, मग हे मेसेज आपोआप वेगळे करून दे की, रोग-किडीचे एका बाजूला, खताचे एका बाजूला, दराचे एका बाजूला, म्हणजे रोग-किडीचे आधी बघता येतील, दराचा माणूस तासभर थांबतो पण कीड थांबत नाही.

तर मार्चमध्ये मी हे काम घेऊन बसलो. (मी मुलगी आहे पण कोल्हापूरची आहे, त्यामुळं आलो-गेलो-बसलो असंच लिहिणार, आमच्या घरात आजी पण असंच बोलते. ह्याचा टूल निवडण्याशी संबंध आहे, पुढं येतंच.) ऑफिसात माझं काम सगळं इंग्रजी टेक्स्टवर, तिथं टूल (मजकूर हाताळायचं तयार सॉफ्टवेअर) निवडणं म्हणजे कुठलं फास्ट आहे, कुठलं मेंटेन होतंय, लायसन्स काय, एवढंच बघायचं असतं. मराठीला ते पुरत नाही हे कळायला मला ऑगस्ट उजाडावा लागला, आणि तेच सांगायला ही पोस्ट लिहितोय.

सुरुवात मी अगदी साधी केली. बाराशेभर जुने मेसेज घेतले, नावं-नंबर काढून टाकले, मामा आणि मी दोन रविवार बसून हातानं लेबल लावली. मग सायकिट-लर्न ह्या पायथनच्या लायब्ररीतला टीएफ-आयडीएफ (कुठला शब्द किती महत्त्वाचा ते मोजणारा), वर लॉजिस्टिक रिग्रेशन (त्या आकड्यांवरनं मेसेज कुठल्या ढिगातला ते शिकणारं साधं मॉडेल). असल्या कामाला सगळे हेच आधी करतात आणि ते बरोबरच आहे, माझ्या मते अजूनही पहिली पायरी हीच असावी. आकडे बरे आले. खताचे मेसेज ओळखतंय, दराचे ओळखतंय, मामा खूश. पाऊस सुरू झाला, लोकांच्या उसात हुमणी दिसायला लागली, आणि एका संध्याकाळी मामाचा फोन, "अगं, खताचं झ्याक सांगतंय हे, पण हुमणीचं काय आलं की बाकीच्यात टाकतंय. आज तिघांचे मेसेज रात्री बघितले मी."

हुमणी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वळवाच्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात, बाभळीवर-कडुलिंबावर बसतात, जमिनीत अंडी घालतात आणि त्यातनं निघालेल्या अळ्या उसाची मुळं खातात. वरनं ऊस फक्त पिवळा दिसतो आणि उपटला की हातात येतो. म्हणजे तो मेसेज उशिरा बघणं हे दराचा मेसेज उशिरा बघण्यासारखं अजिबात नाही.

मला वाटलं डेटा कमी पडतोय, हुमणीची उदाहरणं कमी असतील. म्हणून अजून दोनशे मेसेज लेबल केले. काहीही फरक नाही. मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, मॉडेलकडं नेमके कुठले शब्द पोचलेत त्याची यादी प्रिंट केली. त्या यादीत हुमणी नव्हतीच. तांबेरा नव्हता. मावा नव्हता. पाणी नव्हतं, गूळ नव्हता, कोल्हापूर पण नव्हतं. त्याऐवजी मण, गण, चट, डव, कर असले तुकडे.

झालं काय ते नीट सांगतो, कारण हे मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला लागणार आहे. सायकिट-लर्न डिफॉल्टला शब्द शोधतं ते रेग्युलर एक्स्प्रेशननं (मजकुरात ठरावीक नमुना शोधायची खूण), बॅकस्लॅश डब्ल्यू दोन किंवा जास्त वेळा, असा त्याचा पॅटर्न आहे. आणि पायथनचं स्वतःचं जे रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूल आहे त्यात बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे अक्षरं आणि अंक (आणि अंडरस्कोअर). युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांना कंप्युटरवर नंबर देणारं मानक) हिशोबानं क, ल, ह ही अक्षरं आहेत पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलंत ही सगळी "चिन्हं" आहेत, अक्षरं नाहीत. म्हणजे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो, आणि तुटून एकटं राहिलेलं अक्षर दोनाच्या अटीत बसत नाही म्हणून फेकलं जातं.

आता हुमणी घ्या. ह ला उकार, तिथं तुटला, ह एकटा पडला, गेला. मग म आणि ण शेजारी शेजारी, ते राहिले. हुमणीचा मण झाला. लागण केली तर गण राहतो. पाचटाचं चट. लोकरी मावा म्हटलं की लोकरीतलं कर राहतं आणि मावा पूर्ण गायब. तांबेरा गायब. कोल्हापूर लिहून बघा, को-ल्-हा-पू-र, कुठंच दोन मोकळी अक्षरं शेजारी येत नाहीत, अख्खं गाव गेलं. गूळ गेला. रस राहिला, पण रस्ता लिहिलं तरी रसच राहतो.

आणि खत? ख आणि त, दोन्ही मोकळे. दर? तसंच. ऊस? तसंच. म्हणून तर खताचं आणि दराचं मस्त चालत होतं! मॉडेल पूर्ण पडलं असतं तर मला पहिल्या दिवशी कळलं असतं. ते अर्धं चालत होतं, आणि ज्या अर्ध्यासाठी काम घेतलं होतं तेच अर्धं चालत नव्हतं. तीन शेतकऱ्यांचे मेसेज रात्री वाचले गेले ही गोष्ट मला अजून लागते.

ह्यानंतर मी टूल बघायची पद्धतच बदलली. एक वही केली, शंभर पानी, त्यात खऱ्या मेसेजमधली शंभर वाक्यं हातानं लिहून काढली, सोपी नाहीत, मुद्दाम वाकडी. हातानं का तर लिहिताना प्रत्येक शब्दाकडं बघावं लागतं. आणि कुठलंही टूल आलं की आधी ही शंभर वाक्यं त्यातनं काढायची आणि बाहेर काय पडतंय ते डोळ्यानं वाचायचं. अचूकता किती टक्के हे नंतर. डोळ्यानं आधी.

त्या वहीतनं जी जी टूलं गेली, म्हणजे भाषेच्या कामाच्या तयार लायब्रऱ्या आणि मॉडेलं, त्यातलं थोडं सांगतो.

एनएलटीके हे ह्यातलं सगळ्यात जुनं, २००१ पासूनचं, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत शिकवण्यासाठी म्हणून सुरू झालेलं. त्यात भारतीय भाषांचा एक छोटा टॅग केलेला कॉर्पस (वाक्यांचा संग्रह) आहे, बंगाली, हिंदी, मराठी आणि तेलुगू, आणि शिकायला तो खरंच चांगला आहे, नाम कुठलं, क्रियापद कुठलं हे मराठी वाक्यावर बघायला मिळतं. पण त्यातला वर्डपंक्ट टोकनायझर (वाक्याचे शब्द पाडणारा भाग) वापरलात तर तोच बॅकस्लॅश डब्ल्यूचा घोळ तिथं पण आहे, वहीतल्या पहिल्याच वाक्यात कळतं.

स्पेसी मला मनापासून आवडतं, कोड स्वच्छ, डॉक्युमेंटेशन उत्तम, एमआयटी लायसन्स. मराठीचा कोरा पाइपलाइन (काहीच न शिकलेला सांगाडा) मिळतो, मात्रेपाशी तोडत नाही, पण ट्रेन केलेलं मराठी मॉडेल त्यांच्याकडं नाही. आणि त्यातली मराठी स्टॉपवर्डची (सारखे येणारे, गाळून टाकायचे शब्द) यादी एकदा उघडून बघाच. ऐसें, जैसें, म्हणोनि, आघवें, किरीटी! ओव्यांमधली मराठी आहे ती, कोणीतरी संतसाहित्यातनं शब्द मोजून यादी केली असणार. मला ती वाचून फार बरं वाटलं, खरंच, सातशे वर्षांपूर्वीची भाषा पायथनच्या पॅकेजमध्ये बसलीय. पण माझ्या मेसेजमधला एकही शेतकरी म्हणोनि लिहित नाही. स्टॉपवर्ड काढायचेच असतील तर यादी स्वतःच्या मजकुरातनं करा, आणि त्यात नाही, न्हाय, नको हे शब्द घालू नका. "उगवण झाली" आणि "उगवण झाली न्हाय" ह्यातला फरक फक्त शेवटच्या शब्दात आहे आणि मामाला नेमका तोच हवाय.

स्टॅन्झा, स्टॅनफर्डचं, २०२० मध्ये आलं. ह्याला मराठी मॉडेल आहे, शब्दाचं मूळ रूप, लिंग, वचन, विभक्ती सगळं सांगतं आणि प्रमाण मराठी वाक्यांवर बरं सांगतं. पण ते शिकलंय ज्या ट्रीबँकवर (व्याकरण लावून ठेवलेल्या वाक्यांचा संग्रह) तिच्यात साडेचारशेच्या थोडी वर वाक्यं आहेत, तीही बहुतेक विकिस्रोतवरच्या गोष्टींमधली. हिंदीच्या ट्रीबँकमध्ये साडेसोळा हजारांच्या वर आहेत. ह्यात स्टॅन्झाचा काही दोष नाही, आपण मराठी लोकांनी वाक्यं बसून टॅगच केलेली नाहीत. आणि इथंच ते आलो-गेलो येतं. दुकानात बाई लिहिते, "मी काल आलतो, औषध न्हेलतो, फरक न्हाय." आलतो म्हणजे आलो होतो. गोष्टींवर शिकलेल्या मॉडेलनं हे कधी बघितलेलंच नसणार, आणि बघितलं तरी ते पुल्लिंगी सांगणार. व्याकरणाच्या टूलवर पुढचं काही उभं करायचं असेल, म्हणजे समजा उत्तरात मेसेज पाठवणाऱ्याला दादा म्हणायचं का ताई, तर कोल्हापुरात क्रियापदावर विसंबू नका.

मग मोठी मॉडेलं, हगिंग फेस ह्या साइटवर मिळणारी. पुण्याच्या एलथ्रीक्यूब ह्या गटानं मराठीसाठी जे काम केलंय त्याबद्दल मला खरंच आदर आहे. महाबर्ट हे मराठीवर शिकवलेलं मॉडेल, महाएनईआरची (नावं-गावं ओळखायला) पंचवीस हजार हातानं टॅग केलेली वाक्यं, भावना ओळखायला सोळा हजारांच्या आसपास ट्वीट्स, हे सगळं विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केलेलं. एआयफोरभारतचं इंडिकबर्ट आहे, गुगलचं मुरिल आहे, २०२१ चं, ते सतरा भाषांवर शिकलंय आणि त्यात रोमन लिपीत लिहिलेल्या भारतीय भाषा पण घेतल्यात, माझ्या कामाला हे महत्त्वाचं होतं कारण निम्मे पोरगे ऊस हा शब्द इंग्रजी यू आणि एस टाकून लिहितात आणि भाषा ओळखणाऱ्या टूलला ते इंग्रजी वाटतं.

पण इथं पण वही आधी. गुगलच्या बहुभाषिक बर्ट मॉडेलची दोन रूपं आहेत, केस्ड (कॅपिटल-स्मॉल वेगळं धरणारं) आणि अनकेस्ड (एकच धरणारं). मराठीत कॅपिटल-स्मॉल नाही तर अनकेस्ड घेऊया की, असं कुणालाही वाटेल. घेऊ नका. अनकेस्ड करताना ते ॲक्सेंट काढून टाकतं, फ्रेंचमधल्या अक्षरांवरच्या खुणा काढायला ते केलेलं आहे, पण आपले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलंत त्याच वर्गात मोडतात आणि तेही जातात. काना, वेलांटी आणि काना-मात्रा (ो, ौ) राहतात, बाकी बहुतेक जातं. म्हणजे पूर आणि पेर दोन्हीचं पर होतं. मूळ, मुळं, मेळ, मळ, सगळं मळ. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या गावात पूर आणि उसाचं पेर एकच धरणारं टूल काय कामाचं? गुगलनं स्वतःच केस्ड वापरा म्हणून सांगितलेलं आहे, इंडिकबर्टच्या पानावर पण टोकनायझर घेताना कीप ॲक्सेंट्स ट्रू करा असं लिहिलंय, पण ती ओळ वाचायला आपण थांबत नाही. मी पण आधी थांबलो नव्हतो.

टूल कुठलंही घ्या, त्याच्याआधी अजून एक काम आहे आणि ते कुठलंच टूल तुमच्यासाठी पूर्ण करत नाही. शेतकऱ्यांना हा शब्द घ्या, तो जो अर्धा र आहे, तो तीन प्रकारे टाइप झालेला सापडला मला. एक ऱ म्हणून युनिकोडमध्ये वेगळं अक्षर आहे त्याला हलंत लावून, दुसरा साध्या र ला खाली नुक्ता (टिंब) आणि मग हलंत, तिसरा साध्या र ला हलंत आणि पुढं झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सेम. कंप्युटरला तीन वेगळे शब्द. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची युनिकोडची पद्धत) केलं की पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. आणि "न दिसणारी कॅरेक्टर काढून टाका" असं क्लीनिंग केलं तर शेतकऱ्यांचे शेतकर्यां होतात, दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांना बोलवायचं तर आचार्यांना बोलावणं जातं. तसंच ॲ. एक अक्षर म्हणून ॲ (हे युनिकोडमध्ये २००८ ला आलं), अ वर चंद्र देऊन दुसरं, आणि हिंदी कीबोर्डवरचं ऍ तिसरं. ॲसिड, ॲप, ॲमिनो, सगळे तीन तीन वेळा. ह्यांना एनएफसी पण एक करत नाही. इंडिक एनएलपी लायब्ररीचा नॉर्मलायझर ह्यातलं थोडं सांभाळतो (झेडडब्ल्यूजे मात्र तो पण काढून टाकतो), मी तो वापरतो आणि सोबत स्वतःच्या दहा-बारा ओळी लिहिल्यात. माझं मत विचाराल तर पूर्ण प्रोजेक्टमधलं सगळ्यात उपयोगाचं काम ह्याच दहा-बारा ओळींनी केलंय.

आणि आकडे. देवनागरी २६५ आणि इंग्रजी आकड्यातलं २६५ एकच करायचं, कारण ती उसाची जात आहे. विरामचिन्हं सरसकट काढायची नाहीत, कारण १०:२६:२६ हे एक खत आहे, ०:५२:३४ हे दुसरं, आणि चिन्हं काढून सुटे आकडे केले की ते पोत्यांचे आकडे वाटतात. लोक लिहितात पण कसंही, बारा एकसष्ट, १२ ६१, १२-६१-००. ह्याची छोटी यादी मामानं तोंडी सांगितली, मी टाइप केली, दहा मिनिटांत झालं. कुठल्या डेटासेटमध्ये मिळाली असती ती?

प्रत्ययांचं मात्र मला टेन्शन होतं, हुमणी, हुमणीला, हुमणीनं, हुमणीमुळं, हुमणीचंच, ऊस-उसाला-उसातनं-उसावरचा. स्टेमर (प्रत्यय कापून मूळ शब्द काढणारं टूल) शोधत बसलो आठवडाभर, एक-दोन वापरून बघितले, ते पुढचं कापता कापता शब्दच कापायचे. मग शेवटी ज्याच्यावर आलो ते फार साधं आहे. अक्षरांचे तुकडे. फेसबुकचं फास्टटेक्स्ट हेच करतं, शब्दाचे छोटे तुकडे पाडून त्यांचे व्हेक्टर (तुकड्याचा अर्थ आकड्यांत) बेरजेत धरतं, त्यामुळं हुमणीमुळं हा शब्द आधी आलेला नसला तरी हुमणीच्या जवळ बसतो. १५७ भाषांचे तयार व्हेक्टर आहेत त्यांचे, मराठी त्यात आहे. शब्द तोडताना ते फक्त मोकळी जागा बघतं, मात्रेला हात लावत नाही. एक सांगून ठेवतो, वर्गीकरणाला वापरताना हे तुकडे डिफॉल्टला बंद असतात, मिनएन आणि मॅक्सएन (तुकड्याची कमीत कमी आणि जास्तीत जास्त लांबी) स्वतः द्यावे लागतात. आणि गिटहबवर तो प्रोजेक्ट २०२४ मध्ये आर्काइव्ह झालाय (पुढचं काम बंद), म्हणजे नवीन पायथनवर अडलं तर तुमचं तुम्हीच बघायचं. मामाच्या दुकानात जे पाच वर्षं चालायला हवं त्यासाठी मला ते नको वाटलं.

तर गंमत बघा, फिरून सायकिट-लर्नवरच आलो. ॲनालायझर (मजकुराचे तुकडे कसे पाडायचे ते ठरवणारं सेटिंग) बदलला फक्त, वर्डच्या जागी कॅर डब्ल्यूबी, दोन ते पाच अक्षरांचे तुकडे. हा प्रकार मोकळ्या जागेवर शब्द वेगळे करतो आणि मग मात्रांसकट तुकडे पाडतो. हुमणी परत आली. तांबेरा आला. न्हाय आणि नाही दोन्ही आपापल्या जागी. रोमन लिपीतले मेसेज पण वेगळं लिप्यंतर न करता बऱ्यापैकी बसले, कारण त्यांचेही तुकडे ते शिकतंच. महाबर्ट फाइन-ट्यून करून (माझ्या मेसेजवर थोडं अजून शिकवून) बघितलं, लांबलचक मेसेजवर ते नक्कीच सरस होतं, पण दुकानातल्या आठ वर्षं जुन्या कंप्युटरवर ग्राफिक कार्ड नाही आणि मेसेज सरासरी सहा शब्दांचे. इतक्या छोट्या मेसेजला फरक जाणवला नाही.

मित्रमंडळी विचारतात की सरळ इंटरनेटवरच्या चॅटबॉटच्या एपीआयला (प्रोग्रॅममधनं मेसेज पाठवायची सोय) का देत नाहीस, त्याला कोल्हापुरी पण कळतं. कळतं, मान्य, मी बघितलंय. पण मामानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की गिऱ्हाइकाचा मेसेज दुकानाबाहेर जायचा नाही, कुणाचं पीक बसलंय, कुणाची उधारी आहे हे त्यात असतं. मला ते पटलं. शिवाय पैशाचा हिशोब शब्दावर नसतो, टोकनवर (मॉडेल शब्दाचे जे तुकडे पाडतं त्यांवर) असतो, आणि देवनागरीचं एक एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) तीन बाईट खातं. कोल्हापूर इंग्रजीत लिहिलं तर आठ बाईट, मराठीत सत्तावीस. टोकनायझरनं मराठी नीट शिकलेली नसेल तर त्याच वाक्याला आपण जास्त पैसे मोजतो.

लायसन्सचं पण बघून घ्या, दुकानात वापरायचं म्हणजे धंद्यासाठी वापर, आणि काही मराठी डेटासेट फक्त संशोधनासाठी दिलेले आहेत. मॉडेलचं लायसन्स वेगळं आणि डेटाचं वेगळं असू शकतं.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. "नाद खुळा औषध हाय", "विषय हार्ड", "ऊस नुसता जाळ आलाय", हे कौतुकाचे मेसेज आहेत आणि माझं मॉडेल ह्यातले बरेच रोग-किडीत टाकतं, कारण जाळ आणि खुळा हे शब्द एरवी तक्रारीत येतात. मामा म्हणतो येऊ देत, कौतुक वाचायला मला वेळ आहे. पण मला ते नीट करायचंय. असली वाक्यं सापडली की वहीत लिहून ठेवतोय.

काल मामानं एक फॉरवर्ड केलं, शेंड्याची पानं पिवळी पडून पिळ्यागत झालीत, पोक्का बोंग हाय काय म्हणून कुणीतरी विचारलंय. सकाळपर्यंत तोच रोग अजून दोघांनी लिहिला होता, एकानं पोक्काबोईंग, एकानं पोका बोइंग. तिन्ही बरोबर ढिगात पडले. वहीत ते एकशे तेरावं, चौदावं आणि पंधरावं वाक्य झालं, आणि पानं संपत आलीत म्हणून येताना नवीन वही घेऊन आलो.